विभागप्रमुखाची खुर्ची आणि प्रयोगशाळेची सुरक्षितता : नव्याने चार्ज घेणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. १९८५ पासून ते बंद होतं आणि नुसती जागा अडवून बसलं होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडल्यावर आतला कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत उघडा पडला. एप्रिलपर्यंत माणसं आजारी पडू लागली. एका कामगाराचा जीव गेला, इतर काही जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. देशात तेव्हा अणुऊर्जा नियामक परिषद होती, २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम होते, आणि विद्यापीठात जुनं सामान काढून टाकायची पद्धतही होती. पण ‘या पेटाऱ्यात आहे तरी काय?’ हे वेळेवर कुणी विचारलं नाही.

विद्यापीठांत नियमांची वानवा कधीच नव्हती. ते पाळले जातात की फायलीत राहतात, हे बरंचसं खुर्चीत बसलेल्या माणसाच्या वागण्यावर ठरतं, आणि कारखान्यापेक्षा आपल्याकडे ते जास्त ठरतं. कारखान्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक येऊ शकतो. कारखान्यांचा कायदा उत्पादनप्रक्रियेभोवती बेतलेला असल्यामुळे बीएस्सीच्या प्रयोगशाळेत तो निरीक्षक सहसा फिरकत नाही. अग्निशमन, जैववैद्यकीय कचरा, घातक कचरा, किरणोत्सार अशी एकेका विषयाची बंधनं आहेत. पण सगळं एकत्र बघणारी नजर बाहेरून येत नाही. ती विभागप्रमुखाची, प्राचार्यांची, संचालकांची असावी लागते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी स्वतःची तऱ्हा ओळखा

नेतृत्वशैलीवरचं संशोधन बर्नार्ड बास यांच्या १९८५ च्या मांडणीपासून साधारण तीन तऱ्हा मानतं : प्रेरणा देऊन बदल घडवणारी, देवाणघेवाणीवर चालणारी आणि हात झटकून मोकळी होणारी. आपल्या विभागांत या तिन्ही तऱ्हा रोज दिसतात.

पहिले ‘सही करणारे सर’. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सुरक्षा समितीच्या इतिवृत्तावर सही करतात, पण बैठक झाली की नाही हे विचारत नाहीत. अशा प्रमुखाचा फायदा नसला तरी तोटाही नाही, असा आपला समज असतो. केलोवे, मलन आणि फ्रान्सिस या अभ्यासकांनी २००६ मध्ये दाखवलं की सुरक्षेच्या बाबतीत निष्क्रिय नेतृत्व नुकसान करतं. ‘सरांना याचं काही पडलेलं नाही’ हा निरोप खाली पोचतो आणि माणसं त्यानुसार वागू लागतात.

दुसरे ‘नोटीस काढणारे सर’. गॉगल नाही, दंड. ॲप्रन नाही, प्रात्यक्षिकाला बसायचं नाही. यांच्या विभागात शिस्त दिसते. पण एखादी बाटली फुटली की ती पुसून, काचा कागदात गुंडाळून नेमक्या चुकीच्या कचरापेटीत जातात आणि सरांना पत्ता लागत नाही.

तिसरे सगळ्यांना सोबत घेणारे. ते प्रयोगशाळेत येतात, प्रश्न विचारतात, ऐकून घेतात. पुस्तकांत याच तऱ्हेची स्तुती भेटते. तरी सावध राहायला हवं. शेरॉन क्लार्क यांनी २०१३ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात असं दिसलं की प्रेरणा देणारं नेतृत्व लोकांना स्वतःहून पुढे यायला, सूचना करायला, सहकाऱ्याला सावध करायला जास्त उद्युक्त करतं. ठरलेला नियम पाळला जाण्यासाठी मात्र सक्रिय देखरेखही महत्त्वाची असते. म्हणजे नुसतं गोड बोलून फ्युम हूडची (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाची) काच खाली येत नाही, आणि नुसत्या धाकाने ‘सर, वास येतोय’ असं सांगायला कुणी येत नाही. दोन्ही लागतं.

विद्यापीठाचा आणखी एक पेच आहे. अनेक ठिकाणी विभागप्रमुखपद तीन वर्षांनी ज्येष्ठतेप्रमाणे फिरतं. आज मी प्रमुख, उद्या शेजारच्या केबिनमधले प्राध्यापक. मग कशाला वाकडेपणा घ्यायचा? तू माझ्या प्रयोगशाळेत डोकावू नको, मी तुझ्या डोकावत नाही, असा अलिखित करार होऊन बसतो. माझ्या मते विद्यापीठातल्या बहुतेक सुरक्षात्रुटींचं मूळ अज्ञानापेक्षा या करारात आहे. पुढच्या पायऱ्या तो मोडण्यासाठी आहेत.

पायरी १ : चार्ज घेताना डेडस्टॉक रजिस्टर घेऊन चाला

चार्ज घेणं म्हणजे किल्ल्या, शिक्का आणि अग्रधनाचा हिशेब, इतकीच आपली समजूत. पहिल्या आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. डेडस्टॉक रजिस्टर (विभागातल्या उपकरणांची आणि कायम सामानाची नोंदवही), रसायनांची साठा-नोंदवही आणि विभागातले सर्वांत जुने प्रयोगशाळा परिचर यांना सोबत घ्या. सुरक्षेच्या दृष्टीने त्या मामांची आठवण रजिस्टरपेक्षा मोलाची असते. ‘हे कपाट कोणाचं?’ ‘ते जोशी सरांचं, रिटायर झाले ते.’ असं उत्तर जिथे जिथे येईल तिथे थांबायचं. निवृत्त प्राध्यापकांची कपाटं आणि पीएचडी संपवून गेलेल्या विद्यार्थ्यांचे फ्रीज ही विभागातली सर्वांत धोक्याची जागा.

काय शोधायचं? उघडून ठेवलेल्या डायएथिल ईथर आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) या द्रावकांच्या बाटल्या. हवेच्या संपर्कात त्यांत पेरॉक्साइड तयार होतात, आणि ते स्फोटक असतात. झाकणाभोवती किंवा आत स्फटिक दिसले तर झाकणाला हात लावू नका, बाटली हलवू नका, खोली बंद करून तज्ज्ञ बोलवा. वाळलेलं पिक्रिक ॲसिड तसंच. ते ओलं असेपर्यंत निवांत असतं, सुकलं की घर्षणानेही उडू शकतं. भौतिकशास्त्रात पाऱ्याचे जुने मॅनोमीटर, प्राणिशास्त्रात फॉर्मलिनच्या गळक्या बरण्या, आणि सगळीकडे साखळीशिवाय उभे असलेले गॅस सिलिंडर.

आता किरणोत्सार. ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ असं बहुतेक विभाग ठामपणे सांगतात. मग जुन्या गॅस क्रोमॅटोग्राफचा डिटेक्टर कोणता आहे ते बघा. इलेक्ट्रॉन कॅप्चर प्रकारचा असेल तर त्यात बहुधा निकेल-६३ हा किरणोत्सारी पदार्थ असतो. जुन्या सिंटिलेशन काउंटरमध्येही छोटा स्रोत असू शकतो. एक्स-रे डिफ्रॅक्शनचं यंत्र असेल तर नियामक परिषदेची परवानगी चालू आहे का, ती कोणाच्या नावावर आहे आणि ती व्यक्ती अजून संस्थेत आहे का, हे तपासा. असलं कुठलंही उपकरण निर्लेखनाच्या (नोंदीतून काढून भंगारात टाकायच्या) यादीत जाण्याआधी टिपणीवर एक वाक्य सक्तीचं करा : ‘या उपकरणात किरणोत्सारी, विषारी वा दाबाखालील घटक नसल्याची खात्री केली आहे’, आणि खाली खात्री करणाऱ्याचं नाव. हे वाक्य नसेल तर तुम्ही सही करायची नाही. सही अडवून धरणं हेही नेतृत्वच.

पद सोडताना हीच यादी अद्ययावत करून पुढच्या व्यक्तीसोबत पुन्हा एकदा चाला, आणि चार्ज रिपोर्टला जोडा.

पायरी २ : थांबवण्याचा अधिकार लेखी द्या

७ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेतल्या टेक्सस टेक विद्यापीठात एका संशोधक विद्यार्थ्याने निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग बनवलं. गटात १०० मिलिग्रॅमची मर्यादा तोंडी ठरलेली होती. त्याने सुमारे १० ग्रॅम केलं, खलात कुटताना ते उडालं आणि त्याच्या हाताची तीन बोटं गेली. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा त्या विद्यार्थ्यापेक्षा संस्थेच्या रचनेबद्दल जास्त सापडलं. मर्यादा लेखी नव्हती. त्याच गटात आधी घडलेल्या किरकोळ घटनांमधून कुणी काही शिकलं नव्हतं. सुरक्षा विभाग पाहणी करायचा, पण त्रुटी सुधारून घ्यायची ताकद असलेल्या माणसापर्यंत त्याचा आवाज पोचत नव्हता. काही प्राध्यापकांना तर पाहणी म्हणजे शैक्षणिक स्वातंत्र्यावरचं अतिक्रमण वाटत होतं.

हे वाचताना आपले काही विभाग आठवले नाहीत, असं कुणी म्हणेल असं वाटत नाही. आपल्याकडे सुरक्षा समन्वयक म्हणजे सर्वांत कनिष्ठ, बहुतेकदा तासिका तत्त्वावरचा सहायक प्राध्यापक. तो ज्येष्ठ प्राध्यापकांना ‘सर, हा प्रयोग थांबवा’ म्हणणार? त्याचं पुढच्या वर्षीचं नेमणूकपत्र त्यांच्याच सहीने निघतं.

म्हणून समन्वयक कायम सेवेतला निवडा, आणि पहिल्या महिन्यात परिपत्रक काढा. मसुदा असा चालेल :

‘विभागातील कोणत्याही कामात तातडीचा धोका दिसल्यास सुरक्षा समन्वयक, त्या प्रयोगशाळेचे सहायक अथवा परिचर, तसेच तेथे उपस्थित कोणताही विद्यार्थी ते काम जागेवर थांबवू शकेल. थांबवलेले काम विभागप्रमुखांनी पाहिल्याशिवाय पुन्हा सुरू होणार नाही. धोका नंतर निराधार ठरला तरी थांबवणाऱ्यास जाब विचारला जाणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा जीव त्यातच आहे. परिपत्रकाची खरी परीक्षा पहिल्यांदा कुणी काम थांबवेल तेव्हा होईल. बहुधा तो धोका किरकोळ निघेल आणि प्राध्यापक चिडून तुमच्या केबिनमध्ये येतील. त्या दहा मिनिटांत तुम्ही काय बोलता हे संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोचलेलं असतं.

संस्था पातळीवर सुरक्षा समितीचं अध्यक्षपद इस्टेट विभागाच्या अभियंत्याकडे टाकून मोकळं होऊ नये. प्राचार्य किंवा प्र-कुलगुरू स्वतः असावेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक आणि कार्यकारी अधिकारी आहेत. समितीचा अहवाल त्यांच्या टेबलावर थेट जावा, चार टपाल-नोंदी ओलांडून नव्हे.

पायरी ३ : स्वतः गॉगल लावा

हे इतकं साधं आहे की लिहायला संकोच वाटतो. पण प्रयोगशाळेत येऊन हात मागे बांधून उभे राहणारे, गॉगल न घालणारे, वर विद्यार्थ्याला ‘काय रे, गॉगल कुठे?’ विचारणारे प्रमुख मी पुष्कळ पाहिले आहेत. दाराजवळ पाहुण्यांसाठी पाचसहा गॉगल टांगून ठेवा. कुलगुरू आले, नॅकची समिती आली, देणगीदार आले, तरी दारातच गॉगल पुढे करा. परिचरांना आधी सांगून ठेवा : ‘मामा, मी विसरलो तर मला अडवायचं. सगळ्यांसमोर अडवलंत तरी चालेल.’ आणि ते अडवतील तेव्हा ‘थँक्यू मामा’ म्हणून गॉगल लावा. त्या एका प्रसंगाचं काम दहा पोस्टर करणार नाहीत.

महिन्यातून दोनदा तरी, आधी न कळवता, प्रयोगशाळेत जा. तपासणीसूची हातात धरून नको. सूची दिसली की माणसं सूचीपुरती उत्तरं देतात. ‘सगळं ठीक आहे ना?’ हा प्रश्न कायमचा सोडा, त्याला ‘हो सर’ शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी विचारा : ‘गेल्या पंधरा दिवसांत काळजात धस्स कधी झालं?’ ‘या टेबलावरचं कुठलं काम तुला एकटीला करायला नको वाटतं?’ ‘आत्ता अंगावर ॲसिड पडलं तर शॉवरपर्यंत डोळे मिटून जाता येईल का? चल, जाऊन बघू.’

तो शॉवर खरंच चालवून बघा. आपल्या शहरांत पाणी ठरावीक वेळी येतं आणि मे महिन्यात त्याचेही वांधे. आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचा नळ थेट नळजोडणीवर असेल तर दुपारी तीन वाजता तो कोरडा असू शकतो. डोळ्यांत रसायन गेलं तर किमान १५ मिनिटं सलग पाणी लागतं. टाकीत त्यासाठी राखीव पाणी आहे का, हा प्रश्न प्रमुखाने विचारल्याशिवाय प्लंबर येत नाही.

फिरून आल्यावर जे दिसलं ते लिहा, कोण करणार आणि कधीपर्यंत तेही लिहा, आणि त्या तारखेला पुन्हा जा. सगळे घसरतात ते या शेवटच्या तुकड्यावर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारात २९ डिसेंबर २००८ रोजी एक २३ वर्षांची संशोधन सहायक सिरिंजमधून टर्शरी-ब्युटिल लिथियम काढत होती. हवा लागताच पेटणारं हे रसायन. सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगातल्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. त्याच प्रयोगशाळेची ऑक्टोबरमध्ये पाहणी झाली होती आणि कोट न घालण्याची त्रुटी अहवालात नोंदलेली होती. पुढे प्रकरण फौजदारी खटल्यापर्यंत गेलं, विद्यापीठाला आणि संबंधित प्राध्यापकाला स्वतंत्र समझोते करावे लागले. अहवालात लिहिलेली आणि न सुधारलेली त्रुटी ही न पाहिलेल्या त्रुटीपेक्षा वाईट. नंतर ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोयही उरत नाही.

पायरी ४ : थोडक्यात निभावलेल्या घटनांची वही

हवाई विद्यापीठात १६ मार्च २०१६ रोजी हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाची टाकी फुटली आणि एका संशोधिकेला हात गमवावा लागला. आदल्याच दिवशी तिच्या एका छोट्या टाकीत लहानसा स्फोट होऊन गेला होता. म्हणजे इशारा मिळालेला होता. तो मोठ्या आवाजात बोलला जाईल अशी जागा नव्हती.

ती जागा तयार करणं हे प्रमुखाचं काम. साधी शंभर पानी वही दाराशी ठेवा, किंवा गूगल फॉर्म करा, किंवा दोन्ही. नाव लिहिणं ऐच्छिक. काय झालं, कुठे, आणखी काय होऊ शकलं असतं, एवढे तीनच रकाने. चौथा ‘चूक कोणाची’ हा रकाना कुणी सुचवेल, तो घालू नका.

पहिले दोन महिने वही कोरी राहील. मग एखादी नोंद येईल : ‘ओव्हनमध्ये प्लास्टिकचा बीकर ठेवला गेला, धूर झाला.’ चोवीस तासांत त्यावर काहीतरी करा, अगदी ओव्हनच्या दारावर सूचना चिकटवण्याएवढं का असेना, आणि वहीत त्याखाली तुमच्या हस्ताक्षरात लिहा की हे हे केलं. दुसरी नोंद लवकर येते.

यानंतर नोंदी वाढतील आणि वरून विचारणा होईल, ‘तुमच्या विभागात एवढे प्रकार कसे?’ तेव्हा एमी एडमंडसन यांचा १९९० च्या दशकातला रुग्णालयातला अभ्यास सांगा. चांगल्या परिचारिका-गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती; आढळलं उलटं, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे बोलायची भीती नव्हती. कुलसचिवांना अभ्यास पटेल न पटेल. पण नोंदी वाढल्या म्हणून विभागाला झापायचं नाही, ही ढाल प्रमुखाने व्हायचं.

पायरी ५ : थोडे नियम, सगळ्यांना सारखे

चाळीस नियमांचा तक्ता कुणी वाचत नाही. विभागात सगळ्यांना बोलावून, परिचर आणि पीएचडीचे विद्यार्थी धरून, पाचसहा नियम असे ठरवा की ज्यांवर चर्चा नाही. रसायनशास्त्रात बहुधा हे निघतील : डोळ्यांचं संरक्षण, सुती कोट, धोक्याचं काम एकट्याने नाही, नाव-तारीख नसलेली बाटली नाही, मोकळा सिलिंडर नाही. यंत्रशाळेत केस बांधलेले आणि बाह्या दुमडलेल्या. येल विद्यापीठात एप्रिल २०११ मध्ये एक विद्यार्थिनी रात्री लेथवर एकटी काम करत होती. केस यंत्रात अडकून ती दगावली. एकट्याने काम न करण्याचा नियम आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जातो, कारण प्रबंध सादर करायची तारीख जवळ आलेली असते आणि मार्गदर्शकांनाच निकाल हवा असतो.

म्हणून हा नियम विद्यार्थ्याला सांगून उपयोग नाही, मार्गदर्शकाला सांगा. आणि इथेच तो अलिखित करार आडवा येतो. ज्येष्ठ प्राध्यापक, मोठा प्रकल्प, कोट्यवधींचं अनुदान; त्यांचे विद्यार्थी रात्री बाराला एकटे सॉल्व्हंट ऊर्ध्वपातित करतात. परिपत्रकाची प्रत शिपायाकरवी पाठवू नका. स्वतः त्यांच्या केबिनमध्ये जा, दार लावा, काहीसं असं बोला :

‘सर, तुमच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलायला आलोय. परवा रात्री ती मुलगी एकटीच होती. मला रात्रीचं काम बंद करायचं नाहीये. दोघं असतील तर माझी हरकत नाही. तुम्ही त्यांचं वेळापत्रक लावा, मी वॉचमनला त्या वेळांना फेरी मारायला सांगतो.’

दहापैकी बरेच जण इथेच ऐकतात, कारण तुम्ही अडचण सांगताना तोडगाही पुढे केलेला असतो. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा लेखी, तिसऱ्यांदा प्रयोगशाळेची रात्रीची किल्ली बंद. तिसऱ्या वेळेला कच खाल्लीत तर उरलेल्या सगळ्यांसाठीही नियम संपला. विद्यार्थ्याला दंड आणि प्राध्यापकाला सूट असा विभाग मुलं दोन आठवड्यांत ओळखतात.

पायरी ६ : खरेदीच्या फायलीत सुरक्षितता

प्रमुखाला सुरक्षितता खरंच हवी आहे का, हे अंदाजपत्रकात कळतं. प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावात आणि विभागाच्या वार्षिक मागणीत सुरक्षेचं वेगळं शीर्ष ठेवा, त्यातली रक्कम काचसामानाकडे वळवू देऊ नका. सर्वांत कमी दराच्या निविदेत आलेले गॉगल धुरकट निघतात आणि मग मुलं कपाळावर चढवून ठेवतात. हे टाळायला मागणीपत्रातच वाफ न धरणारी काच, चष्म्यावर बसणारा आकार असं तपशिलात लिहा. कोट परिचरांनाही द्या. बाटल्या धुणारे तेच असतात.

फ्युम हूड नुसता घरघर करतो म्हणून चालू आहे असं समजू नये. तोंडाशी हवेचा वेग साधारण सेकंदाला अर्धा मीटर असावा लागतो. वर्षातून एकदा मोजून घ्या आणि आकडा हूडवर चिकटवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असाल तर त्याने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवं. ते नसेल त्या दिवशी ते ॲसिड बाहेर काढायचं नाही.

आणि कचरा. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याला, त्याच वर्षीच्या नियमांनुसार, प्रक्रियेविना ४८ तासांची मर्यादा आहे. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रं आहेत, पण एका महाविद्यालयाचे चार कॅन न्यायला गाडी पाठवणं कुणालाच परवडत नाही. शेजारच्या तीनचार महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी मिळून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाशी आधी बोलून, एकाच दिवशी उचल ठरवली तर काम होतं. असे फोन परिचर किंवा समन्वयक करू शकत नाहीत, प्राचार्यांनाच करावे लागतात.

पायरी ७ : हजेरीपटावर नसलेली माणसं

सफाईच्या मावशी, रंगारी, वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणारा मुलगा, वसतिगृहाच्या मेसचे आचारी. ही माणसं कंत्राटदाराची, म्हणून आपली नाहीत, हा संस्थेच्या डोक्यातला पक्का हिशेब. पण छतावर फ्युम हूडच्या धुराड्याजवळ काम करायला रंगाऱ्याला पाठवताना खाली प्रयोग बंद ठेवायचे असतात, हे त्याला कोण सांगणार? फुटक्या काचांची वेगळी पेटी का असते, हे मावशींना कुणी सांगितलंय का? नव्या मावशी आल्या की अर्धा तास त्यांच्यासोबत प्रयोगशाळेत फिरा, काय उचलायचं नाही ते दाखवा. मैल्याच्या टाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांशिवाय, सुरक्षेची काळजी न घेता माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. वसतिगृहाचं चेंबर तुंबलं म्हणून रेक्टर कुणाला तरी परस्पर ‘जरा उतरून बघ’ म्हणत असतील तर ते आजच थांबवा.

पायरी ८ : वर्षाचं वेळापत्रक

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ‘नमुना ब’, दरवर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, कंत्राटदाराची नव्हे. प्रमाणपत्रावर सही करण्याआधी एक पंप चालवून दाखवा म्हणा.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. शपथ, बॅनर, फोटो, संपलं. मला या समारंभाचा कंटाळा आहे. त्या आठवड्यात, आधी न सांगता, ऐन प्रात्यक्षिकाच्या तासाला इमारत रिकामी करण्याची तालीम घ्या. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली सुट्टीवर गेलेल्या शिपायाकडे आहे, असल्या गोष्टी अशाच कळतात. प्रात्यक्षिक परीक्षांच्या दिवसांत मात्र तालीम नको, पाहणी करा, कारण बहिःस्थ परीक्षक येण्याच्या घाईत सगळ्यात जास्त नियम मोडले जातात.

वर्षअखेरीला काय मोजायचं? ‘अपघात शून्य’ हा आकडा मिरवू नका, तो लपवूनही मिळतो. ठरल्या तारखेपर्यंत किती त्रुटी सुधारल्या, वहीत किती नोंदी आल्या, काम किती वेळा थांबवलं गेलं, आणि तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत किती वेळा गेलात, हे चार आकडे विभागाच्या फलकावर लावा. चौथा आकडा लावायला धीर लागतो.

आणि तरीही अपघात झालाच तर

जखमी माणूस आधी. जागा साफ करण्याची घाई नको, चौकशीला ती तशीच लागते. घरच्यांना फोन विभागप्रमुखाने स्वतः करायचा, लिपिकाने नाही. पत्रकारांशी, पालकांशी, बैठकीत, कुठेही ‘विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा’ हे शब्द चौकशीआधी तोंडातून जाता कामा नयेत. ते एकदा उच्चारले की विभागातला प्रत्येक जण समजून जातो की उद्या आपल्यालाही असंच एकटं पाडलं जाईल, आणि वही पुन्हा कोरी होते. चौकशी समितीत विभागाबाहेरचा एक माणूस आणि एक परिचर असावा. निष्कर्ष नावं वगळून सगळ्यांना वाचायला द्या.

रुग्णालयात अनामत भरायच्या वेळी ‘मान्यता कोणाची?’ हा प्रश्न हमखास येतो, बहुतेकदा शनिवारी संध्याकाळी, कुलसचिव कार्यालय बंद झाल्यावर. त्यासाठी आपत्कालीन वैद्यकीय खर्चाची ठरावीक मर्यादेपर्यंतची पूर्वमान्यता व्यवस्थापन परिषदेकडून, महाविद्यालय असेल तर संस्थेच्या नियामक मंडळाकडून, चार्ज घेतल्या वर्षातच घेऊन ठेवा. तिची एक प्रत विभागाच्या दर्शनी कपाटात आणि एक सुरक्षारक्षकांच्या चौकीत ठेवा.